ओळखीचा डॉक्टर

मराठीतील ‘ओळख’ हा शब्द मोठा दुटप्पी आहे. एखाद्या माणसाला आपण जाणतो, त्याच्या सुखदुःखाची आपणांस कल्पना असते, या नात्याला आपण ओळख म्हणतो. आणि एखादे काम नियमाला बगल देऊन करून घ्यावयाचे असले म्हणजे ‘तेथे कोणाची ओळख आहे का?’ असेही आपणच विचारतो. पहिल्या अर्थाने ओळख हा माणुसकीचा पाया होय. दुसऱ्या अर्थाने ती वशिल्याची सख्खी बहीण होय. आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करतो. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आम्हांस जे शिकविण्यात आले त्याचा सारांश एवढाच की, कागद कोणाचा आहे हे पाहू नये, कागदात काय आहे ते पाहावे. खुर्चीवरचा माणूस बदलला तरी निर्णय बदलता कामा नये, ही चांगल्या कचेरीची खूण. आमच्या बदल्याही बहुधा याच तत्त्वावर होत असाव्यात. एका गावी माणूस फार काळ राहिला की त्याच्या ओळखी वाढतात, आणि ओळखी वाढल्या की न्यायाचा काटा हलू लागतो.

हे तत्त्व आम्ही मनःपूर्वक मानीत आलो आहो. आजही ते खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु गतवर्षी भिलाईच्या स्मृति नगरातील आमच्या भाड्याच्या घरात जे घडले, त्यामुळे मनुष्याच्या व्यवहारांतील एका मोठ्या क्षेत्रात हे तत्त्व अपुरेच नव्हे तर अपायकारकही ठरू शकते, हे आम्हांस दिसून आले. ते क्षेत्र वैद्यकाचे. त्यातून जो नैतिक प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला, तो आमच्याप्रमाणेच परमुलखात बदल्यांवर फिरणाऱ्या वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे वडील वर्धा जिल्ह्यातील एका शाळेत चौतीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झाले. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहावयास आले. वय शहात्तर. मधुमेह जुना, रक्तदाब त्याहून जुना, प्रोस्टेटची तक्रार अलीकडची, आणि झोप न येणे हे आई गेल्यापासूनचे. गाव नवे असल्यामुळे आम्ही सुशिक्षित मनुष्याने करावे तेच केले. मधुमेहासाठी मधुमेहाच्या तज्ज्ञाकडे, हृदयासाठी हृदयाच्या, लघवीच्या तक्रारीसाठी त्या विषयाच्या तज्ज्ञाकडे त्यांना नेले. पुढे त्यांना सकाळी अंथरुणातून उठताना घेरी येऊ लागली, म्हणून मेंदूच्या तज्ज्ञाकडेही नेले. प्रत्येक ठिकाणी तपासण्या झाल्या, प्रत्येक डॉक्टर शांतपणे बोलला, कोणी हयगय केली नाही. सहा महिन्यांत वडिलांच्या गोळ्यांची संख्या चारावरून नवावर गेली. नववी गोळी घेरीवरची होती. ती सुरू झाल्यावर अकराव्या दिवशी वडील पहाटे न्हाणीघराच्या दाराशी पडले. मनगट मोडले, डोके उंबऱ्यावर आपटता आपटता वाचले.

आमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे एक वृद्ध डॉक्टर एका खोलीत दवाखाना चालवितात. रायपूरला शिकलेले, छत्तीसगडी गृहस्थ. पाटीवर नावापुढे एम.बी.बी.एस. एवढीच अक्षरे आहेत. ‘नुसता एम.बी.बी.एस. आहे’ असे सांगून शेजाऱ्यांनीच आम्हांस त्यांच्याकडे जाण्यापासून परावृत्त केले होते. मनगटाचे प्लॅस्टर ओले झाले म्हणून केवळ जवळचा दवाखाना या नात्याने आम्ही वडिलांना तेथे घेऊन गेलो. डॉक्टरांनी प्लॅस्टर पाहिले आणि मग गोळ्यांची सगळी पाकिटे घेऊन या असे सांगितले. ती टेबलावर ओळीने मांडून त्यांनी वडिलांकडे पाहिले आणि विचारले, ‘गुरुजी, रात को क्या खाते हैं?’

हा प्रश्न सहा महिन्यांत कोणी विचारला नव्हता. वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की रात्री ते जेवत नाहीत, कपभर दूध घेतात. आई गेल्यापासून रात्रीच्या ताटावर एकटे बसवत नाही. हे आम्हांस ठाऊक नव्हते. सौ. रोज त्यांचे ताट खोलीत नेऊन ठेवीत असे. ते अन्न कोठे जात होते ते आम्ही पाहिले नव्हते. डॉक्टरांनी वडिलांना आडवे निजवून रक्तदाब मोजला, मग उभे करून पुन्हा मोजला. दोन आकड्यांत मोठे अंतर होते. त्यांनी समजावून सांगितले ते असे: रक्तदाबाच्या दोन गोळ्या, प्रोस्टेटची एक आणि झोपेची एक या चारही आपापल्या परीने माणूस उठताना त्याचा तोल घालवू शकतात, चार एकत्र आल्या म्हणजे शहात्तर वर्षांचा मनुष्य पडणारच. शिवाय रात्री पोटात अन्न नसताना साखर उतरविणारी गोळी पहाटे साखर भलतीच खाली नेत असणार. त्यांनी दोन तज्ज्ञांना स्वतः दूरध्वनी केले, तिसऱ्यास चिठ्ठी लिहिली. त्यांच्या संमतीने तीन गोळ्या बंद झाल्या, एकीची मात्रा व दुसरीची वेळ बदलली. औषध म्हणून त्यांनी एकच गोष्ट नवीन लिहून दिली: रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र, साडेसात वाजता. घेरी महिनाभरात थांबली.

यात कोणा एका तज्ज्ञाचा दोष होता काय? आम्ही पुष्कळ विचार केला आणि आमचे उत्तर ‘नाही’ असेच आले. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता. कचेरीत काम करणाऱ्यांना ही स्थिती नवी नाही. एखादे प्रकरण पाच टेबलांवरून जाते, प्रत्येक टेबलावर यथानियम टिपणी होते, प्रत्येक शेरा निर्दोष असतो, आणि शेवटी त्या निर्दोष शेऱ्यांच्या ओझ्याखाली अर्जदार चिरडला जातो. संपूर्ण प्रकरण पाहणे हे कोणाच्याच कामात लिहिलेले नसते. वडिलांच्या मधुमेहाला डॉक्टर होता, रक्तदाबाला होता, प्रोस्टेटला होता. वडिलांना मात्र नव्हता. येथे कागद कोणाचा आहे हे न पाहणे हीच चूक होती.

आमच्या टेबलावर वैद्यकीय देयके येतात. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या औषधोपचाराचे नियम १९४४ सालचे आहेत. त्यांत ‘प्राधिकृत वैद्यकीय परिचारक’ असा एक मनुष्य कल्पिलेला आहे, ज्याच्याकडे कर्मचाऱ्याने प्रथम जावे. कल्पना मुळात घरच्या डॉक्टरच्या जवळची आहे. परंतु देयकाच्या नमुन्यात सल्ल्यांची संख्या, तारखा, फी, इंजेक्शने व औषधे यांच्यासाठी रकाने आहेत. डॉक्टरने एखादे औषध बंद केले तर ते लिहावयास रकाना नाही. तीन गोळ्या बंद करण्याचे देयक होऊ शकत नाही. ज्या कृत्याने आमच्या वडिलांचे प्राण वाचले असे आम्ही समजतो, त्याची किंमत आमच्या हिशेबपद्धतीत शून्य आहे.

त्या डॉक्टरांशी पुढे परिचय वाढला. एका संध्याकाळी आम्ही त्यांना विचारले की, हे सारे आपण कोठे शिकलात? ते हसले आणि म्हणाले, कोणी शिकविले नाही. महाविद्यालयात शस्त्रक्रिया शिकविली, प्रसूती शिकविली, विषमज्वर शिकविला; पण एकाच घरातील आजोबा, सून आणि नातू यांना वीस वर्षे कसे सांभाळावे हे शिकविणारा तेथे कोणी नव्हता, कारण शिकविणाऱ्यांपैकी कोणी ते केलेच नव्हते. मग त्यांनी एक हकीकत सांगितली. दवाखाना सुरू केल्यावर आठ-दहा वर्षांनी, नेहमी येणाऱ्या एका कुटुंबातील बाई रात्री दहाच्या सुमारास छातीत जळजळते म्हणून आल्या. त्यांचे पित्त जुने होते. डॉक्टरांनी नेहमीचे औषध दिले, थोडी थट्टाही केली आणि घरी पाठविले. पहाटे त्या गेल्या. जळजळ पित्ताची नव्हती, हृदयाची होती. डॉक्टर म्हणाले की, अनोळखी बाई असती तर मी तिला कसून तपासले असते. मला ओळख नडली. त्या कुटुंबाने त्यांना कधी बोल लावला नाही, अजूनही ते त्यांच्याकडेच येतात, आणि हेच अधिक जड जाते असे ते म्हणाले.

ही हकीकत ऐकून आमच्या विचाराची घडी पुन्हा विसकटली. वडिलांच्या बाबतीत ओळखीने तारले. त्या बाईंच्या बाबतीत ओळखीनेच मारले. तेव्हा नुसती ओळख हा सद्गुण नव्हे. घरच्या डॉक्टरबद्दल आपल्याकडे जो एक हळवा सूर लावला जातो, जुने डॉक्टर किती प्रेमळ, सायकलवरून घरी येत, नाडी हातात घेताच निम्मा ताप उतरे, तो सूर येथे निरुपयोगी आहे. प्रेमळपणाने त्या बाई वाचल्या नसत्या. ओळखीच्या माणसाकडेही प्रसंगी परक्याच्या नजरेने पाहता आले पाहिजे, आणि परका प्रथमच आला तरी त्याच्यामागे एक घर आहे हे दिसले पाहिजे. ही दुहेरी दृष्टी स्वभावाने येत नाही. ती अभ्यासाने येते. आणि अभ्यासाने येणारी गोष्ट शिकविली गेली नाही, तर मनुष्य ती चुकांतून शिकतो. डॉक्टरच्या चुकांची किंमत मात्र डॉक्टर देत नाही.

आमचा मूळ नैतिक प्रश्न हा आहे. ज्या डॉक्टराकडे समाजातील सर्वाधिक माणसे प्रथम जातात, त्यालाच त्याच्या कामाचे शिक्षण न देता त्याने ते रोग्यांच्या जिवावर शिकावे, असे म्हणण्याचा समाजाला अधिकार आहे काय?

यावर पहिला आक्षेप असा येईल की एम.बी.बी.एस. चे शिक्षण हेच ते शिक्षण होय. याची शहानिशा करण्यास एक जुना अभ्यास उपयोगी आहे. १९६१ साली केर व्हाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका व इंग्लंडमधील माहितीवरून असा अंदाज मांडला की, एक हजार प्रौढ माणसे घेतली तर एका महिन्यात त्यांतील सुमारे ७५० जणांना काही ना काही दुखणे होते, २५० डॉक्टराकडे जातात, ९ इस्पितळात दाखल होतात आणि फक्त १ विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचतो. वैद्यकाचा विद्यार्थी मात्र सगळे शिक्षण त्या एकाच्या उशाशी उभा राहून घेतो. उरलेल्या २४९ जणांचे दुखणे अजून स्पष्ट नसते. ताप दोनच दिवसांचा असतो, पोट कधी दुखते कधी दुखत नाही, काळजी निराळीच असते आणि ती डोकेदुखीच्या वेषात येते. तेथे थांबावे केव्हा, पाठवावे केव्हा, काहीच न देता तीन दिवसांनी या असे केव्हा म्हणावे, हे मोठ्या रुग्णालयात दिसत नाही. कारण तेथे सारे निवडून, गाळून आलेले असते.

आपल्या प्राचीनांनी हे ओळखले होते. चरकसंहितेत वैद्याचे जे चार गुण सांगितले आहेत त्यांत शास्त्राच्या निर्मळ ज्ञानाच्या पाठोपाठ, प्रत्यक्ष कर्म पुष्कळदा पाहिलेले असणे, हा गुण येतो. मग दक्षता आणि शुचिता. घरच्या डॉक्टरचे कर्म आमच्या विद्यार्थ्याने कोठे पाहावे? जे कधी पाहिलेच नाही ते त्याने पदवी मिळताच करावे, अशी आपली अपेक्षा असते.

या स्थितीला इतिहास आहे, आणि त्यात आपल्या प्रांताचाही वाटा आहे. १९५६ पर्यंत दुर्ग, रायपूर, बिलासपूर हे जिल्हे व नागपूर एकाच राज्यात होते. नागपूरचे रॉबर्टसन मेडिकल स्कूल १९१४ साली निघाले, तेथून एल.एम.पी. म्हणजे परवानाधारक डॉक्टर बाहेर पडत. छत्तीसगडातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय रायपूरला निघाले ते १९६३ साली. या परवानाधारकांचे शिक्षण पदवीहून कमी असे आणि त्यांना खालच्या पायरीचे मानले जाई. १९४३ साली नेमलेल्या आरोग्य समितीने आपल्या १९४६ च्या अहवालात ही दुय्यम पायरी बंद करावी आणि देशात एकाच दर्जाचा ‘मूलभूत डॉक्टर’ असावा अशी शिफारस केली. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकचे. काही सदस्यांनी भिन्न मत नोंदविले, परंतु बहुमताचा आग्रह न्यायाचा होता: गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर आणि श्रीमंताला पुरा शिकलेला, असा भेद नको. त्या डॉक्टराने समाजाचा वैद्य व्हावे, असे समितीला अभिप्रेत होते. प्रत्यक्षात तो झाला पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा उमेदवार. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांची मुलगी सध्या इंटर्नशिप करीत आहे. दिवसा वॉर्डात आणि रात्री प्रश्नसंचात असा तिचा दिनक्रम आहे. घरचा डॉक्टर व्हावेसे वाटते का, असे आम्ही विचारता ती आदराने पण चटकन म्हणाली, ‘काका, म्हणजे नुसतं एम.बी.बी.एस.च राहायचं?’

हा ‘नुसता’ शब्द आम्ही चांगला ओळखतो. नुसता बी.ए., नुसता कारकून. या शब्दाने मनुष्याचे काम लहान होत नाही, पण त्या कामाकडे कोणी वळेनासे होते. आम्ही त्या मुलीला दोष देत नाही. ज्या कामाला स्वतंत्र विद्या नाही, गुरू नाही, पायरी नाही, ते काम तिने केवळ त्याग म्हणून पत्करावे असे सांगणारे आम्ही कोण? त्यागावर उभारलेली व्यवस्था दोनचार थोर माणसे देते, लाखो रोग्यांना डॉक्टर देत नाही.

दुसरे देश याच वळणावर होते. १९५० साली जोसेफ कॉलिंग्ज यांनी इंग्लंडमधील सामान्य वैद्यकीय व्यवसायाची पाहणी प्रसिद्ध केली; तीत आढळलेली दुर्दशा वाचून तेथील वैद्यकवर्ग हादरला. १९५२ मध्ये तेथे जनरल प्रॅक्टिशनरांचे स्वतंत्र कॉलेज स्थापन झाले. १९५७ साली मायकेल बालिंट यांनी डॉक्टर, रोगी आणि आजार यांच्या नात्यावर पुस्तक लिहिले. डॉक्टरांनी एकत्र बसून आपापल्या अवघड रोग्यांविषयी बोलावे आणि आपल्या मनात काय घडते तेही तपासावे, ही त्यांची रीत होती. आमच्या वृद्ध डॉक्टरांना ती रात्रीची हकीकत बोलावयास असे एखादे मंडळ मिळाले असते, तर त्यांच्या अनुभवाचा उपयोग त्यांच्याबरोबर संपला नसता. अमेरिकेत १९६९ साली कौटुंबिक वैद्यक ही स्वतंत्र विशेष शाखा मानली गेली. अलीकडे नॉर्वेत लाखो लोकांच्या नोंदी तपासून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांचा डॉक्टर पंधरा वर्षांहून अधिक काळ तोच राहिला त्यांचे मृत्यूचे प्रमाण, ज्यांची डॉक्टराशी ओळख वर्षभराचीच होती त्यांच्यापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते. मात्र तेथील हे डॉक्टर आपल्या कामाची रीतसर व्यवस्था असलेल्या देशातले आहेत, हे विसरू नये. सुसंस्कृत केलेली ओळख किती बळ देते, याचा हा आकडा आहे.

आपल्याकडे सुरुवात झालेली नाही असे नाही. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा कौटुंबिक वैद्यकातील तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. केरळात कालिकतच्या शासकीय महाविद्यालयाने २०१२ च्या सुमारास या विषयात एम.डी. सुरू केले. रायपूरच्या एम्समध्ये सामुदायिक व कौटुंबिक वैद्यकाचा विभाग आहे. सेवाग्रामच्या १९६९ साली स्थापन झालेल्या महाविद्यालयात विद्यार्थी आरंभीच खेड्यात मुक्काम करतात आणि कुटुंबांशी नाते जोडतात. आणि अलीकडे राष्ट्रीय आयोगाने एम.बी.बी.एस. च्या विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्याकडे जात राहावे असा नियम देशभर लागू केला आहे. नियम चांगला आहे. परंतु सरकारी नियमांचे काय होऊ शकते हे आमच्याइतके कोणास ठाऊक असणार? कुटुंबाला भेट दिली ही नोंद वहीत भरणे आणि कुटुंबाला भेटणे, यांत अंतर आहे. ते अंतर भरून काढावयास त्याच्याबरोबर उंबऱ्यातून आत जाणारा आणि बाहेर आल्यावर ‘तू काय पाहिले नाहीस’ हे सांगणारा गुरू हवा.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. कोणी म्हणेल की, या दरिद्री देशात आधी डॉक्टर तर पुरते असू द्या. घरचा डॉक्टर आणि त्यासाठी आणखी तीन वर्षांचे शिक्षण ही चैन आहे. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले, आणि या नव्या राज्यापुढे हाच प्रश्न होता. २००१ मध्ये राज्याने कायदा करून तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढला. त्यावर वाद झाले, काही वर्षांतच तो बंद पडला. पण त्यातून बाहेर पडलेले तरुण ग्रामीण चिकित्सा सहायक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमले गेले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले की नित्याच्या आजारांच्या उपचारांत हे सहायक एम.बी.बी.एस. डॉक्टरांच्या तोडीस तोड उतरतात. काहींनी यावरून तीन वर्षे पुरेत असा निष्कर्ष काढला. आम्हांस यातून दुसरेही दिसते. अधिक वर्षे शिकलेला मनुष्य जर या कामात पुढे जात नसेल, तर त्याची अधिकची वर्षे दुसऱ्याच कामासाठी खर्च झाली असली पाहिजेत. प्रश्न वर्षांच्या संख्येचा नाही. ती वर्षे कोणत्या दाराकडे तोंड करून घालविली, याचा आहे.

आणि चैन म्हणावे तर ती कोणाला अधिक लागते? या भागात सिकलसेलचा आजार पुष्कळ आहे. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली. हा आजार आईबापांकडून येतो आणि जन्मभर राहतो. मूल रडते ते कशाने, शाळा का बुडते, लग्न जुळविताना दोन्ही घरांची रक्ततपासणी कोणी सुचवावी आणि ती मुलीच्या नावाला बट्टा न लागता कशी सुचवावी, रोजची गोळी चालू राहील हे कोणी पाहावे? यातले काहीच तज्ज्ञ वर्षातून एकदा पाहून करू शकत नाही. घर ओळखणारा आणि शास्त्र जाणणारा असा एकच मनुष्य येथे पाहिजे. गरिबाच्या आजाराला घरच्या डॉक्टरची गरज अधिक असते आणि मिळतो मात्र त्याला बंधपत्राची मुदत मोजणारा अनोळखी तरुण. वेल्समधील खाणकामगारांच्या एका गावात आयुष्य घालविलेले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली हाच व्यस्त नियम मांडला होता: जेथे गरज अधिक, तेथे चांगली वैद्यकी मिळण्याचा संभव कमी.

खाणीचे उदाहरण आम्हांस जवळचे आहे. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली राजहरा येथे खाणकामगारांच्या संघटनेने १९८३ साली आपल्या वर्गणीतून व श्रमांतून शहीद रुग्णालय उभारले. बिलासपूरजवळ गनियारी येथे दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या काही डॉक्टरांनी जनस्वास्थ्य सहयोग ही संस्था चालविली, आणि तेथे आता कौटुंबिक वैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षणही दिले जाते. तेथील विद्यार्थी खेड्यातल्या रोग्याला रुग्णालयातही पाहतो आणि त्याच्या खेड्यातही पाहतो. म्हणजे हे शिक्षण देणे अशक्य नाही, आणि ते देण्यासाठी फार श्रीमंत असावे लागते असेही नाही. शिकविण्याजोगे ते आहे असे आधी मानावे लागते, एवढेच.

आता आमच्या व्यवसायाकडे वळून, आरंभीचा पेच सोडविण्याचा प्रयत्न करू. न्यायाला अनोळखीपणा हवा आणि शुश्रूषेला ओळख हवी, असे म्हणून दोन्हींची वाटणी करून टाकणे सोपे आहे. परंतु ते खरे नव्हे. रांगेत कोणाला आधी घ्यावे हे ठरविताना डॉक्टरालाही ओळख विसरावी लागते. आणि विधवेच्या पेन्शनच्या कागदात काय अडले आहे हे पाहताना कारकुनालाही कधी कागदामागचे माणूस पाहावे लागते. खरा भेद असा दिसतो: ओळखीच्या बळावर दुसऱ्याचा हक्क हिरावणे हा वशिला, ओळखीच्या बळावर त्या माणसाची गरज अचूक जाणणे ही सेवा. ही रेघ बारीक आहे आणि ती प्रत्येक पिढीला शिकवावी लागते. म्हणूनच ‘चांगला माणूस असला की चांगला डॉक्टर होतोच’ हे म्हणणे आम्ही मान्य करू शकत नाही. आमचे वृद्ध डॉक्टर चांगले माणूस त्या रात्रीही होते.

आम्ही बदलीची माणसे. दर तीनचार वर्षांनी आमचे शेजारी, मुलांची शाळा, किराणा दुकानदार सारे बदलते. घरचा डॉक्टर आम्हांस मिळत नाही, अशी तक्रार आम्ही करतो. पण आम्ही तरी कोणत्या गावाचे घरचे झालो? भिलाईत येऊन दोन वर्षे लोटली तेव्हा आमच्या गल्लीतील चार घरांपलीकडची नावे आम्हांस ठाऊक नव्हती. खेड्यात मुदत मोजणारा तो तरुण डॉक्टर आणि परगावी पुढच्या आदेशाची वाट पाहणारे आम्ही, यांत मनोवृत्तीचे फारसे अंतर नाही. त्याला नावे ठेवण्यापूर्वी हे कबूल केलेले बरे.

आमच्या बदलीचा आदेश या वर्षी केव्हाही येईल. डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी चार दिवस मागून घेतले आणि वडिलांविषयी दोन पाने स्वहस्ते लिहून दिली. त्यात आजार आहेत, औषधे आहेत, कोणते औषध का बंद केले ते आहे. आणि शेवटी असे आहे की हे गृहस्थ विचारल्याशिवाय दुःख सांगत नाहीत, आणि रात्री एकटे जेवत नाहीत. पुढच्या गावी ही पाने कोणाच्या हाती द्यावयाची, हे आम्हांस अजून ठाऊक नाही. तूर्त रोज साडेसातला आम्ही सारे पानावर बसतो, आणि वडील आमच्या मुलाला पाढे विचारतात.